नोंदखडीतला हात

कराडच्या बसस्टँडमागे रियाज मुल्लाचं माशांचं दुकान आहे. खायच्या नव्हे, बघायच्या. एका रविवारी सकाळी त्या दुकानाच्या काउंटरला टेकून प्राध्यापक सुहास मुतालिक सिरॅमिकच्या नळ्यांची बाजू इतक्या तळमळीने मांडत होते, की ऐकणाऱ्याला वाटावं, नळ्या यांच्याच घरच्या भट्टीत भाजतात.

समोर तीन बरण्या होत्या. एकीत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या सिरॅमिकच्या नळ्या, दुसरीत प्लॅस्टिकचे काटेरी गोळे आणि तिसरीत विटकरी रंगाचे, भोकाभोकांचे खडे. तिसऱ्या बरणीवर ‘नोंदखडी’ असं छापलेलं होतं. मुतालिकांच्या पत्नी नीलांबरी त्याच बरणीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तो हात काही केल्या हलत नव्हता.

‘‘सर, तुम्ही मायक्रोबायोलॉजीचे. तुम्हाला मी काय शिकवणार?’’ रियाज म्हणाला. ‘‘पण गेल्या वर्षभरात नळ्या मागणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं.’’

फिल्टर म्हणजे गाळणी, असा एक समज आहे. गाळणं हे त्याचं दुय्यम काम. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचंही उरकतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो साठला, की मासा स्वतःच्याच पाण्याने मरतो. हे टाळतात दोन जातींचे जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशाला सोसतं. या मंडळींना पगार नको, रजा नको, फक्त चिकटून बसायला जागा हवी. म्हणून फिल्टरात नळ्या किंवा खडे भरायचे. छिद्रं जितकी बारीक, तितकी आत भिंत जास्त. मूठभर खड्यांत बॅडमिंटनचं मैदान मावेल एवढी. वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना लागतो. उठवायला नळाचं पाणी पुरतं, कारण त्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं. तेव्हा खडे धुवायचेच झाले, तर टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलक्या हाताने विसळायचे. हे वाक्य मुतालिक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला अठ्ठावीस वर्षं सांगत आले होते आणि परीक्षेत दोन मार्कांना विचारतही होते.

नोंदखडीत या दोघांच्या जोडीला एक तिसरा भाडेकरू असतो. तो काही काम करत नाही, फक्त लिहितो. जिवाणूंमध्ये ही खोड मुळातच आहे. एखाद्या विषाणूने हल्ला केला आणि जिवाणू वाचला, तर तो त्या विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा कापून आपल्या डीएनएत चिकटवून ठेवतो, पोलीस चौकीत गुन्हेगारांचे फोटो लावतात तसा. नवा तुकडा नेहमी रांगेत पुढे लागतो, त्यामुळे आधी काय घडलं आणि नंतर काय, हेही कळतं. शास्त्रज्ञांनी एका जिवाणूला क्लोरीन, साबण, तांबं असल्या आपत्तींचीही अशीच नोंद करायला शिकवलं. हेतू साधा होता. मासा मेला म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं, तर चूक खड्यांची की गिऱ्हाइकाची, हे कंपनीला कळावं.

पुढचं कोणी ठरवलेलं नव्हतं. प्रत्येक माणसाच्या कातडीवर त्याचे स्वतःचे जिवाणू असतात, त्यांचं मिश्रण ठशासारखं वेगळं. टाकीत हात घातला, की त्यांच्या डीएनएचे तुकडेही हा लेखनिक उचलून चिकटवतो, हे वर्षभरापूर्वी लक्षात आलं. म्हणजे पाण्यात काय पडलं एवढंच नव्हे, तर तेव्हा हात कोणाचा होता, हेही खडी सांगू लागली. पुण्यात एका सासूबाईंनी टाकी थेट स्वयंपाकघरात हलवली. एका सोसायटीने पिण्याच्या पाण्याच्या टाकीतच पिशवीभर खडी सोडली आणि पुढच्या सभेत अध्यक्ष बदलला. ज्यांनी आयुष्यात मासा पाळला नव्हता, ते मासे पाळू लागले.

‘‘आणि सध्या बदली योजना आहे वहिनी,’’ रियाज म्हणाला. ‘‘जुनी नोंदखडी आणून द्या. कंपनी फुकट वाचून देते. मासा का गेला ते छापून येतं.’’

‘‘आमची जुनी आहे की. मागच्या माशाच्या वेळची,’’ नीलांबरी म्हणाल्या.

ती टाकून दिली, असं मुतालिकांनी सांगितलं. नीलांबरींनी परवाच कुंडी सरकवताना बाल्कनीत त्या खडीचा डबा पाहिला होता, असं त्यांनी सांगितलं. मुतालिक पुन्हा सिरॅमिककडे वळले. निसर्गाला साधेपणा आवडतो, असं काहीसं ते म्हणाले. निसर्गातर्फे कोणी दुजोरा दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी मुतालिकांच्या दिवाणखान्यात चार फुटी टाकीत एक ऑस्कर मासा होता. तो मुतालिकांच्या सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा. तात्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. सासूबाई गेल्यावर एक ट्रंक आणि हा मासा घेऊन ते लेकीकडे राहायला आले. मासा मोठा, काळपट, गळ्याशी भगवा. दिवसभर तोंड उघडायचा आणि मिटायचा, त्यातून काही निघायचं नाही. तात्यांनी त्याचं नाव चेअरमन ठेवलं होतं. रोज सकाळी ते टाकीसमोर खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचत आणि चेअरमन काचेला नाक लावून ऐकत असे.

त्या साली कृष्णेला पूर येऊन गेला होता. गढूळ पाणी म्हणून नगरपालिकेने क्लोरीनची मात्रा वाढवली होती, तसं पेपरात आलं होतं, तात्यांनी ते चेअरमनला वाचूनही दाखवलं होतं. नवे प्राचार्य सपत्नीक पाच वाजता चहाला यायचे होते. पावणेपाचला मुतालिकांच्या नाकाला फिल्टरच्या डब्याचा वास आला. टाकीतलं पाणी बादलीत काढायचं, तर वीस मिनिटं गेली असती. मुतालिकांनी डबा न्हाणीघरात नेला, नळ पूर्ण सोडला आणि खडी खसाखसा चोळून लख्ख धुतली. प्राचार्यांनी टाकीकडे पाहिलंदेखील नाही.

तिसऱ्या दिवशी चेअरमन आडवा तरंगताना दिसला. नीलांबरींनी फिल्टर उघडला, लख्ख धुतलेली खडी पाहिली आणि घरी झाडूपोछा, भांडी करणाऱ्या वैजूला हाक मारली. प्राचार्य यायचे होते त्या दिवशी वैजूने टाकीची काच बाहेरून पुसली होती. ‘‘वैजू, तू याला साबण लावलास?’’ वैजू नाही म्हणाली. नीलांबरींनी पुन्हा विचारलं. मुतालिक तिथेच, सोफ्यावर होते.

ते गप्प राहिले असते, तर एकवेळ चाललं असतं. पण मुतालिक उदार झाले. ‘‘जाऊ दे नीला,’’ ते म्हणाले, ‘‘शिकलेलं नाही माणूस. तिला काय कळणार?’’ आणि मग, तिला कळावं म्हणून, त्यांनी वैजूला उभं करून दहा मिनिटं नायट्रोजनचं चक्र समजावून सांगितलं. उदाहरणं चांगली दिली. वैजूने सगळं ऐकून घेतलं, हातातलं फडकं बेसिनवर वाळत घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. नीलांबरींनी संगमदर्शन सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, की घरात फिशटँक असल्यास बी विंगमध्ये येणाऱ्या वैजूला काम देताना काळजी घ्यावी, आमचा मासा गेला. बी विंगमध्ये फिशटँक दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. तरी वैजूची उरलेली चार घरं महिन्याभरात सुटली.

तात्यांचं पेपर मोठ्याने वाचणं तेव्हापासून बंद झालं. म्हाताऱ्या माणसाने फार मनाला लावून घेतलं, असं सगळे म्हणाले. दोन वर्षं त्यांनी माशाचा विषय काढला नाही. गेल्या आठवड्यात जेवताना मात्र एकदम म्हणाले, ‘‘एखादा मासा आणावा म्हणतो.’’ नीलांबरींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून हा रविवार.

मंगळवारी नीलांबरी बँकेत गेल्या आणि मुतालिकांनी बाल्कनीतून डबा काढला. कॉलेजला त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण घरगुती, असं लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

बेत त्यांनी नीट आखला होता. डीएनए ही चिवट वस्तू आहे, लेखनिक मेला तरी वही राहते, हे त्यांना माहीत होतं. पण तीव्र ब्लीचिंग पावडरपुढे वहीसुद्धा टिकत नाही, हेही माहीत होतं. खडीला दोन वर्षांचा गाळ वाळून बसला होता. तो सुटावा म्हणून त्यांनी ती आधी दोन तास कोमट पाण्यात भिजत घातली. मग ब्लीचिंग पावडर कालवून बोटांनी एकेक खडा चोळायला सुरुवात केली.

न्हाणीघराच्या दारात काठीचा आवाज झाला. तात्या उभे होते.

‘‘धुतोयस होय?’’

कंपनीला स्वच्छ करून द्यावी लागते, असं मुतालिक म्हणाले.

तात्यांनी बादलीकडे पाहिलं, मुतालिकांच्या उघड्या हातांकडे पाहिलं. ‘‘मागच्या वेळी पावणेपाच वाजले होते,’’ ते म्हणाले आणि काठी टेकत खुर्चीकडे गेले.

म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून, वाढलेलं मुकाट खात, माहीत होतं. इथे एखादा बरा माणूस बादली ओतून देऊन उठला असता. मुतालिकांनी असा विचार केला, की जो दोन वर्षं बोलला नाही, तो आता कशाला बोलेल, आणि उरलेले खडे चोळायला घेतले. आपण हा विचार केला, हे पुढे त्यांना मासा मारल्यापेक्षा जास्त बोचलं. पण ते पुढे.

खडी त्याच संध्याकाळी रियाजकडे पोचली आणि अहवाल आठ दिवसांनी नीलांबरींच्या फोनवर आला. त्यांनी तो टेबलावर वाचला, आधी मनात, मग मोठ्याने.

‘‘साबण, कधीही नाही. तांबं, नाही. नोंद पहिली, क्लोरीन, तीव्र. हात क. त्यानंतर वस्तीचा नाश. त्यानंतर दीर्घ कोरडा काळ. नोंद दुसरी, क्लोरीन, अतितीव्र. हात क.’’

खडीतला लेखनिक हा बीजाणू करणाऱ्या जातीचा होता. दुकानात पाकिटात कोरडा राहता यावा, म्हणूनच कंपनीने ती जात निवडली होती. असा जिवाणू संकट दिसलं, की स्वतःभोवती कवच करून वर्षानुवर्षं निजतो आणि कोमट पाणी मिळालं, की तासा-दोन तासांत उठतो. हाही भाग मुतालिक शिकवत. प्रश्न पाच मार्कांचा. त्यांनी दोन वर्षं झोपलेल्या साक्षीदाराला अंघोळीचं पाणी काढून देऊन उठवलं होतं आणि मग त्याच्यादेखत तोच गुन्हा त्याच हाताने पुन्हा केला होता. वरवरचे मेले. छिद्रांच्या तळाशी क्लोरीन पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात तिथल्यांनी लिहून घेतलं. नुसती पहिली नोंद असती, तर क कोण हे कधीच कळलं नसतं. घरात त्यासाठी कोणी हाताचे नमुने दिले नसते.

नीलांबरींनी नमुने मागितले नाहीत. कोरडा काळ म्हणजे बाल्कनी, आणि डबा आठ दिवसांपूर्वीपर्यंत तिथेच होता. त्या दिवशी त्या स्वतः बँकेत होत्या, तात्यांना बादली उचलत नाही, आणि वैजू दोन वर्षांत या घरात आली नव्हती.

‘‘मंगळवारी?’’ त्यांनी विचारलं.

मुतालिकांनी मान हलवली.

‘‘आणि तेव्हाही तूच.’’

त्यांनी पुन्हा मान हलवली. या दोन हालचालींना दोन वर्षं लागली होती.

नीलांबरी ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘मेसेज मी टाकला होता, सुहास. ती नाही म्हणाली होती, दोनदा. मी तुझ्याकडे बघितलं आणि मग टाकला.’’

तात्यांनी डायरीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं. बदली योजनेची जाहिरात. तारीख मासा आणावा म्हणाले, त्याच्या दोन दिवस आधीची. ‘‘लेकीच्या घरात राहतो मी,’’ ते मुलीकडे न बघता म्हणाले. ‘‘जावयाचं अन्न खाऊन जावयाला खोटा कसा पाडू? माझी काही ती हिंमत झाली नाही. खडीला बोलता येतं असं वाचलं, म्हटलं, निदान तिला तरी बोलू दे.’’

त्या रात्री त्या घरात तीन माणसं जेवली आणि तिघांनाही एकमेकांकडे न बघण्याचं कारण होतं.

वैजू आता विद्यानगरला मुलींच्या मेसमध्ये चपात्या लाटत होती. चपात्यांचं यंत्र शेजारच्या प्रत्येक मेसमध्ये होतं. इथे ‘हातची चपाती’ अशी पाटी होती आणि त्यामुळे गर्दी होती. शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मुतालिक मागच्या दाराने आत गेले. नीलांबरी येते म्हणाल्या होत्या, पण मुतालिक म्हणाले, आधी मी.

‘‘सर?’’ वैजूने लाटणं थांबवलं नाही. ‘‘बसा की. स्टूल घ्या तो.’’

मुतालिकांनी घरून मनात तयारी केली होती. त्यांनी सुरुवात केली, की अलीकडे विज्ञानात एक शोध लागलेला आहे, काही जिवाणूंच्या डीएनएमध्ये...

‘‘नायट्रोजनचं ते पुन्यांदा नका सांगू,’’ वैजू म्हणाली. ‘‘माज्या ध्यानात हाय.’’

मग मुतालिकांनी तीन शब्दांत सांगितलं. ‘‘मी धुतली होती.’’

वैजूने चपाती तव्यावर टाकली. ती रागावेल, रडेल, किंवा जाऊ द्या सर म्हणेल, या तिन्हींची उत्तरं मुतालिकांनी तयार ठेवली होती. त्यातलं काहीच झालं नाही. मला ठाऊक होतं, असंही ती म्हणाली नाही. तिला ठाऊक नव्हतं. एवढा शिकलेला माणूस सांगतोय, म्हणजे आपल्याच ओल्या फडक्यातनं काहीतरी आत गेलं असणार, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. मेसमधल्या मुलींनी काचेच्या बाउलमध्ये एक लहान मासा ठेवला होता. त्या बाजूला ती झाडायलाही जात नसे. हे तिने चपाती उलटत साध्या आवाजात सांगितलं, आणि मुतालिकांना स्टूलवर बसवेना आणि उठवेना.

परत कामाला ये, पगार वाढवू, असं ते कसंबसं म्हणाले. ती नको म्हणाली. ‘‘ज्यात घातलं त्यातच काढा,’’ ती म्हणाली. ‘‘त्या ग्रुपावर. हितं बसून लिवा, आन् मला वाचून दावा.’’

मुतालिकांनी फोन काढला. लिहायला वेळ लागला नाही. लिहिणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी वाचून दाखवलं, ‘‘दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातील मासा दगावला, त्यास आमच्या तत्कालीन मदतनीस जबाबदार नसून, फिल्टरमधील जैविक माध्यम अनवधानाने नळाच्या पाण्याने धुतले गेल्याचे निदर्शनास आले आहे.’’

‘‘अनवधानानं म्हंजे?’’

‘‘म्हणजे, न कळत.’’

‘‘तुमाला कळत न्हवतं?’’

मुतालिकांनी तो शब्द काढला.

‘‘आन् धुतले गेले म्हंजे कुणी धुतले?’’

त्यांनी वाक्य मोडलं. मी धुतले, असं लिहिलं. मग तेवढ्यावर थांबवेना म्हणून, ती नाही म्हणत होती तेव्हा मी शेजारी बसून खोटं बोललो, असंही लिहिलं. वाचून दाखवलं. वैजूने पुढचा गोळा पिठात बुडवला.

‘‘ती म्हंजे कोण? तवा नाव घातलं हुतं न्हवं?’’

त्यांनी ‘वैजू’ लिहिलं.

‘‘वैजू न्हवं. वैजू म्हटल्यावर त्यांना काम करनारी आठवंल. पुरं नाव घाला.’’

मुतालिकांचा अंगठा स्क्रीनवर थांबला. वैजू त्यांच्या घरी चौदा वर्षं येत होती. तिला ताप आला तर कोणती गोळी चालत नाही, हे त्यांना माहीत होतं, चहात किती साखर, हे माहीत होतं. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंच्या नऊ जाती त्यांना लॅटिन नावांसकट, झोपेतून उठवलं तरी, सांगता येत होत्या. वैजूचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. वैजू हे कशाचं लहान केलेलं नाव आहे, हेही कधी विचारलेलं नव्हतं.

तिला ते कळलं. पण तिने मदत केली नाही. लाटत राहिली. शेवटी त्यांना विचारावं लागलं, आणि विचारताना त्यांचा आवाज दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत नापास होणाऱ्या मुलासारखा निघाला.

‘‘वैजयंता रामचंद्र हुलवान,’’ ती म्हणाली.

त्यांनी ते लिहिलं, पुन्हा एकदा सगळं वाचून दाखवलं, आणि तिने मान हलवल्यावर पाठवलं.

दोघंही फोनकडे बघत राहिले. मुतालिकांनी मनाची तयारी केली. आता लोक बोलतील. बोलायलाच हवं. पहिला अंगठा आला. मग सात, मग बावीस अंगठे. कोणीतरी हात जोडले. सी विंगच्या कोणीतरी ‘ग्रेट सर, मोठेपणा लागतो’ असं लिहिलं. वैजयंता हुलवान या नावाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. मग सेक्रेटरींचा मेसेज आला.

‘‘काय म्हनत्यात?’’ तिने विचारलं.

मुतालिकांना वाटलं, काहीतरी दुसरं सांगावं. तोंडाशी आलंही. मग त्यांनी आहे तेच वाचलं, ‘‘सर, आम्हीही टाकी घेतोय. मग नळ्या घ्याव्यात की नोंदखडी? तुमचा सल्ला हवा.’’

वैजयंताबाईंनी तव्यावरची चपाती काढली, डब्यात टाकली, झाकण लावलं.

‘‘सांगा की मग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिकलेल्या मानसालाच इचारनार लोक.’’